माणसाला ओळखू पाहणारी वास्तू

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील बोल्डर शहरात १९०५ साली बांधलेली तीन खोल्यांची एक शाळा होती. कालांतराने तिचे राहत्या घरात रूपांतर झाले. कोलोरॅडो विद्यापीठातील संगणकशास्त्राचे प्राध्यापक मायकेल मोझर यांनी नव्वदच्या दशकात या आपल्या घरातच एक प्रयोग आरंभिला. घरात ठिकठिकाणी सुमारे ७५ सेन्सर बसवण्यात आले. खोलीतील उजेड, तापमान, आवाज, माणसाची हालचाल, दारे-खिडक्यांची उघडझाप यांची नोंद ते अहोरात्र घेत. मेंदूतील चेतापेशींच्या धर्तीवर रचलेल्या एका संगणक-प्रणालीकडे ही माहिती जाई आणि घरातील दिव्यांचा, उष्णतेचा कारभार ती प्रणाली पाही. तिला कोणतेही वेळापत्रक भरून दिलेले नव्हते. घरातला माणूस केव्हा बाहेर पडतो, केव्हा परततो, कोणत्या खोलीत त्याला किती उजेड पुरतो, हे सारे तिने निरीक्षणातून शिकायचे होते.

शिकण्याची रीत मोठी चतुर होती. प्रणालीपुढे दोनच हिशेब ठेवलेले होते, एक ऊर्जेच्या खर्चाचा आणि दुसरा माणसाच्या गैरसोयीचा. दोन्ही डॉलरमध्येच मोजले जात. घरात दिव्यांचे २२ संच होते आणि प्रत्येकाच्या प्रकाशाच्या १६ पातळ्या. प्रणाली अधूनमधून एखादा दिवा मुद्दाम थोडा मंद करून पाही. घरमालकाने उठून बटण दाबले, की ती गैरसोय म्हणून नोंदली जाई आणि पुढच्या खेपेस तेथे उजेड वाढे. त्याने काहीच केले नाही, तर तेवढी वीज वाचली असे धरले जाई. थोडक्यात, मालकाने कुरकुर करेपर्यंत त्याला किती कमी उजेडात ठेवता येते, याची चाचपणी घर करीत असे.

या प्रयोगाचा एक परिणाम मात्र कोणी योजलेला नव्हता. मालक नेहमी ज्या वेळी घरी येतो, त्या वेळेपूर्वी घर ऊबदार करून ठेवण्यास प्रणाली शिकली. मग कामावर उशीर होऊ लागला, की घर आपली वाट पाहत असेल, आपण निघावयास हवे, असे मोझर यांनाच वाटू लागले. घर माणसाच्या वळणावर जावे म्हणून केलेल्या खटाटोपात माणूसही थोडा घराच्या वळणावर गेला होता.

माणसाची हालचाल, सवय किंवा आज्ञा जाणून घेऊन संगणकाच्या साहाय्याने आपला प्रकाश, हवा, आकार वा रचना बदलणाऱ्या इमारतींना अनुकूलनशील वास्तू म्हटले जाते. (दिशा पाहून स्वयंपाकघर हलवणाऱ्या वास्तुशास्त्राशी या विषयाचा काही संबंध नाही, हे आपल्याकडे सांगून ठेवलेले बरे.) अशा वास्तूंची यंत्रणा कशी चालते, हे समजून घेणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते दुसरेच. इमारतीने माणसाची गरज ओळखायची, तर ती गरज कोणी ठरवायची आणि इमारतीचा अंदाज चुकला तर शेवटचा शब्द कोणाचा? गेल्या साठ वर्षांतील जवळजवळ प्रत्येक प्रयोग याच प्रश्नापाशी येऊन थांबलेला दिसतो.

शिपायाच्या कानाशी घंटा

या कल्पनेचे मूळ संगणकाच्याही आधीचे आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वॉरन जॉन्सन हे शिक्षक अध्यापन करीत. थंडीच्या दिवसांत शाळेचा शिपाई वरचेवर वर्गात येऊन तापमान पाही आणि तळघरात जाऊन गरम हवेच्या झडपा कमी-अधिक करी. शिकवण्यात येणारा हा व्यत्यय टाळण्यासाठी जॉन्सन यांनी विद्युत तापदर्शक तयार केला आणि १८८३ साली त्याचे पेटंट मिळवले. वर्गाचे तापमान ठरावीक मर्यादेबाहेर गेले, की तळघरात घंटा वाजे आणि शिपाई झडप फिरवी. यंत्र फक्त खबर देत होते, निर्णय माणसाच्याच हाती होता. दोन वर्षांनी जॉन्सन यांनी स्थापन केलेल्या कंपनीने पुढे शिपायाचे कामही यंत्राकडे सोपवले आणि आजचा थर्मोस्टॅट घराघरांत पोहोचला.

मोजणे, तुलना करणे, दुरुस्त करणे आणि पुन्हा मोजणे, या चक्राला १९४८ साली नॉर्बर्ट वीनर यांनी आपल्या ग्रंथातून ‘सायबरनेटिक्स’ हे नाव दिले आणि त्याला शास्त्राचे रूप आले. या शास्त्राने वास्तुरचनाकारांना भुरळ घातली ती इंग्लंडात.

न बांधलेला महाल

लंडनच्या पूर्व भागात ‘थिएटर वर्कशॉप’ ही नाट्यसंस्था चालवणाऱ्या दिग्दर्शिका जोन लिटलवुड यांना कामगार वस्तीसाठी एक जागा हवी होती. तेथे कोणीही यावे, नाटक पाहावे वा करावे, यंत्र चालवायला शिकावे, नाचावे किंवा नुसते बसून राहावे. तरुण वास्तुरचनाकार सेड्रिक प्राइस यांनी १९६१ पासून या कल्पनेला आकार दिला आणि ‘फन पॅलेस’चा आराखडा जन्मास आला. महाल कसला, ते एखाद्या गोदीसारखे होते! पोलादी मनोऱ्यांचा सांगाडा, वर सरकत्या क्रेन आणि त्यांच्या साहाय्याने हव्या तशा हलवता येणाऱ्या भिंती, मजले, जिने. आज जेथे सभागृह, तेथे उद्या कार्यशाळा. इमारतीला ठाम रूपच नव्हते.

रोज येणाऱ्या हजारो लोकांना काय हवे, हे कळणार कसे? या कामासाठी सायबरनेटिक्सचे अभ्यासक गॉर्डन पास्क यांना बोलावण्यात आले. हा गृहस्थ विलक्षण होता. त्यांनी १९५३ साली ‘म्युझिकलर’ नावाचे यंत्र बनवले होते. वादकाच्या सुरांना ते रंगीत प्रकाशाने साथ देई, पण वादक तेच तेच वाजवू लागला, की त्याची साथ थंडावत जाई. नाइलाजाने वादकाला काही नवे वाजवावे लागे. हुकूम पाळणारे यंत्र पास्क यांना नको होते. माणसाशी संवाद करणारे, प्रसंगी त्याला डिवचणारे यंत्र हवे होते. वास्तुकलेनेही हेच करावे, असे त्यांनी १९६९ साली ‘आर्किटेक्चरल डिझाइन’ या नियतकालिकातील आपल्या गाजलेल्या लेखात मांडले.

फन पॅलेससाठी पास्क यांच्या समितीने काढलेल्या एका आकृतीत आत जाणाऱ्यांना ‘न बदललेली माणसे’ आणि बाहेर पडणाऱ्यांना ‘बदललेली माणसे’ असे म्हटले आहे. या दोन शब्दांनी आजचा वाचक दचकतो, आणि ते साहजिक आहे. लोकांच्या मुक्त इच्छेला वाव देण्यासाठी निघालेली इमारत लोकांना घडवण्याचा कारखाना कधी झाली, हे बहुधा समितीच्याही ध्यानात आले नसावे.

ली नदीकाठची ही योजना स्थानिक विरोध आणि परवानग्यांच्या घोळात अडकली व साठचे दशक सरण्याच्या सुमारास मागे पडली. फन पॅलेस कधीच उभा राहिला नाही. पॅरिसमध्ये १९७७ साली उघडलेल्या पॉम्पिदू केंद्रावर त्याची छाया आहे, असे अभ्यासक मानतात; पण तेथे संवाद करणारे यंत्र नाही.

अमेरिकेत याच सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये निकोलस निग्रोपाँटी यांचा गट वास्तुरचना आणि संगणक यांची सांगड घालत होता. त्यांचा एक प्रयोग १९७० साली न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियममधील ‘सॉफ्टवेअर’ या प्रदर्शनात मांडला गेला. काचेच्या पेटीत धातूच्या मुलाम्याचे शेकडो लहान ठोकळे, त्यांत बागडणारे उंदरांच्या जातीचे जर्बिल प्राणी आणि वर संगणकाच्या हुकमतीतला यांत्रिक हात. जर्बिलांचा धक्का लागून ठोकळा थोडा सरकला, तर हात तो पुन्हा जागेवर नीट बसवी. फार सरकला, तर प्राण्यांना तो तेथेच हवा असावा असे समजून नव्या जागी सरळ लावी. प्राण्यांना खरोखर काय हवे होते, हे अर्थातच कोणालाही ठाऊक नव्हते. धक्का आणि इच्छा यांतला भेद यंत्राला कळत नव्हता, आणि आजच्या सेन्सरलाही तो सहज कळतो असे नाही.

प्राइस यांनी १९७६ साली दुसरा डाव मांडला. फ्लोरिडा-जॉर्जिया सीमेवरील अरण्यातल्या एका इस्टेटीसाठी ‘जनरेटर’ नावाची रचना त्यांनी आखली. त्यात १२ फूट बाजूचे सुमारे १५० घन होते आणि ते क्रेनने हलवता यावेत अशी योजना होती. जॉन आणि ज्युलिया फ्रेझर या दांपत्याने त्यासाठी संगणक-कार्यक्रम लिहिले. प्रत्येक भागात सूक्ष्म चिप बसवायची, म्हणजे आपण कोठे आहोत हे त्या भागालाच कळावे. रहिवाशांनी बराच काळ काही बदल मागितला नाही, तर संगणकाला ‘कंटाळा’ यावा आणि त्याने स्वतःहून नवे आराखडे सुचवावेत, अशी तरतूद होती. पास्क यांच्या म्युझिकलरचाच हा वारसा म्हणायचा. जनरेटरही कागदावरच राहिला. जगातील पहिली ‘बुद्धिमान इमारत’ म्हणून आज त्याचा उल्लेख होतो. ती अस्तित्वात कधीच नव्हती, ही गोष्ट वेगळी.

सूर्याला उत्तर देणाऱ्या भिंती

प्रत्यक्षात जे उभे राहिले, ते बरेच सोपे होते. पॅरिसमध्ये सीन नदीकाठी १९८७ साली अरब जगत संस्थेची इमारत पूर्ण झाली. ज्याँ नूव्हेल आणि सहकाऱ्यांनी तिच्या दक्षिण भिंतीत २४० चौकटी बसवल्या. प्रत्येक चौकटीत कॅमेऱ्याच्या भिंगासमोरच्या पडद्यासारखी लहानमोठी धातूची छिद्रे. ऊन वाढले की ती मिटत, कमी झाले की उमलत. अरबी घरांतील मशरबिया म्हणजे लाकडी जाळीची ही यांत्रिक आवृत्ती होती. इमारतीला आगाखान पुरस्कार मिळाला आणि तिची छायाचित्रे जगभर गेली. पण हजारो नाजूक पाती रोज हलवणे म्हणजे हजारो ठिकाणी बिघाडाला आमंत्रण. काही वर्षांतच बरीच छिद्रे जागच्या जागी अडकली आणि पुढे सारी यंत्रणा नव्याने दुरुस्त करावी लागली.

अबुधाबीतील अल बहर मनोऱ्यांनी २०१२ साली हाच धागा पुढे नेला. दोन मनोऱ्यांपैकी प्रत्येकाभोवती छत्रीसारख्या उघडमिट करणाऱ्या हजारांहून अधिक त्रिकोणी घड्यांच्या झडपा आहेत. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो, तशा त्या क्रमाने मिटत व उघडत जातात. आत शिरणारी सूर्याची उष्णता निम्म्याने कमी व्हावी, हे उद्दिष्ट होते. वाळवंटातील काचेच्या इमारतीला हे शहाणपण सुचले, ही चांगलीच गोष्ट. मुळात वाळवंटात काचेची इमारत का बांधावी, हा प्रश्न मात्र या झडपांच्या कक्षेबाहेरचा आहे. या भिंती उत्तर देतात ते सूर्याला. सूर्याचा मार्ग आधीच गणिताने ठाऊक असतो. खिडकीशी बसलेल्या कर्मचाऱ्याच्या मनात काय आहे, ते तसे ठाऊक नसते.

ॲमस्टरडॅममधील ‘द एज’ ही कार्यालयीन इमारत २०१४ साली पूर्ण झाली आणि तिने त्या कर्मचाऱ्यालाच सेन्सर केले. सुमारे ४०,००० चौरस मीटरच्या या वास्तूत २८,००० सेन्सर बसवण्यात आले. सुमारे २,५०० कर्मचाऱ्यांसाठी हजारभरच टेबले ठेवली गेली आणि कोणाचेही टेबल कायमचे नव्हते. मोबाइलवरील ॲप त्या दिवशीच्या कामानुसार जागा सुचवी आणि व्यक्तीच्या पसंतीचा प्रकाश व तापमान लक्षात ठेवी. गर्दी कमी असेल त्या दिवशी इमारतीचे काही भाग बंद ठेवून वीज वाचवता येई. पर्यावरणपूरक इमारतींच्या ब्रिटिश मूल्यमापनात तिला ९८.३६ टक्के गुण मिळाले. ऊर्जेच्या बाबतीत हे यश निर्विवाद आहे.

पण जागेवर कोण आहे हे दिव्याला कळते, तेव्हा ते वरिष्ठांनाही कळू शकते. लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ या दैनिकाचे पत्रकार जानेवारी २०१६ मध्ये एका सकाळी कामावर आले, तो टेबलांखाली लहान पेट्या चिकटवलेल्या! टेबलाशी कोणी बसले आहे की नाही, हे त्या उष्णता व हालचालीवरून टिपत. इमारतीतील ऊर्जा व जागेचा वापर सुधारण्यासाठी हे केल्याचे व्यवस्थापनाचे म्हणणे होते. पत्रकारांच्या संघटनेने आवाज उठवला आणि पेट्या त्याच दिवशी निघाल्या. पत्रकारांना ओरडता आले. सगळ्याच कार्यालयांत तशी सोय नसते.

सरासरी माणूस कोण?

इमारतीने कोणते तापमान सुखद मानावे, हे तिला कोणी तरी सांगावे लागते. डेन्मार्कचे अभियंते ओले फँगर यांनी १९७० साली यासाठी एक समीकरण दिले. हवेचे तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांची उष्णता, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीराची चयापचय क्रिया, या सहा गोष्टींवरून किती लोक समाधानी राहतील याचा अंदाज त्यातून काढता येतो. प्रयोगांत सामील झालेले बहुतेक जण अमेरिका व डेन्मार्कमधील महाविद्यालयीन विद्यार्थी होते. पुढे हे समीकरण जगभरच्या वातानुकूलन यंत्रणांच्या मुळाशी गेले.

नेदरलँड्समधील मास्ट्रिख्त विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१५ साली ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात दाखवून दिले, की यात गृहीत धरलेला चयापचयाचा दर चाळिशीतल्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचा आहे. स्त्रियांच्या बाबतीत तो वास्तवाहून ३५ टक्क्यांपर्यंत अधिक ठरू शकतो. त्यांनी तपासणी केली ती १६ तरुणींची, म्हणजे नमुना लहानच. पण भर उन्हाळ्यात कार्यालयात शाल पांघरून बसणाऱ्या कोणत्याही मुंबईकर महिलेला हा निष्कर्ष नवा वाटणार नाही. सेन्सर कितीही अचूक असो, तो ज्या आकड्याकडे तापमान खेचतो तो आकडा भलत्याच माणसाचा असेल, तर अचूकतेने चूकच घडते.

भारतापुरते हे कोडे सोडवण्याचा एक गंभीर प्रयत्न अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी केला. अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि सिमला या पाच वेगवेगळ्या हवामानांच्या शहरांतील १६ कार्यालयीन इमारतींत तीन ऋतूंत जाऊन त्यांनी लोकांना विचारले, की तुम्हाला आत्ता कसे वाटते? त्यांना ६,३३० उत्तरे मिळाली. नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतींत सुखद वाटणारे तापमान बाहेरच्या हवेनुसार १९.६ अंशांपासून २८.५ अंश सेल्सिअसपर्यंत बदलत असल्याचे त्यांतून दिसले. खिडकी उघडता येते, पंखा वाढवता येतो, सुती कपडे घालता येतात, तेथे माणूस पुष्कळ उकाडा आनंदाने सोसतो. या अभ्यासातून निघालेले प्रारूप २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत समाविष्ट झाले.

विदर्भातील माणसाला यात नवल वाटणार नाही. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडणे, दुपारी दारे लोटून घेणे, रात्री गच्चीवर अंथरूण टाकणे, हे अनुकूलनच आहे. फरक एवढाच, की तेथे वास्तू स्वतः हलत नाही, माणूस तिला हलवतो.

आपोआप चालणाऱ्या यंत्रणेचा धोका नेमका येथे आहे. सवयी शिकणारा ‘नेस्ट’ हा थर्मोस्टॅट २०११ साली बाजारात आला आणि २०१४ साली गुगलने ती कंपनी ३२० कोटी डॉलरला विकत घेतली. जानेवारी २०१६ मध्ये सॉफ्टवेअरमधील दोषामुळे अनेक ग्राहकांच्या उपकरणांची बॅटरी संपली आणि ऐन थंडीत घरे गारठली. शिकणारे यंत्र बंद पडले, तेव्हा जुनी साधी कळ भिंतीवर उरलेली नव्हती. मोझर यांच्या प्रयोगशाळारूपी घरात मात्र भिंतीवरची बटणे शेवटपर्यंत चालू होती, किंबहुना मालकाने बटण दाबणे हाच प्रणालीचा धडा होता. पुढील काळातील अनेक चकचकीत इमारतींपेक्षा हा जुना प्रयोग अधिक सुज्ञ वाटतो तो यामुळेच.

गरज संपल्यावर

फ्रान्समध्ये बोर्दो शहराजवळ रेम कूलहास यांच्या कार्यालयाने १९९८ साली एक घर बांधले. मोटार अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या गृहस्थांसाठी ते होते. सोपे, सपाट घर मला नको, असे त्यांनी बजावले होते. घराच्या मध्यभागी सुमारे तीन मीटर गुणिले साडेतीन मीटरचा, खोलीएवढा एक मजला आहे. तो तिन्ही मजल्यांमधून वर-खाली जातो आणि कधी स्वयंपाकघराचा, कधी अभ्यासिकेचा भाग होतो. सोबत पुस्तकांची उंच भिंत. तेथे माणसाच्या मनाचा अंदाज बांधणारा संगणक नाही. कळ मालकाच्या हाती होती. मालकाचे २००१ साली निधन झाले. घर मात्र ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षित करण्यात आले आणि तो हलता मजला ज्याच्यासाठी होता, त्याच्याविना राहिला.

प्राइस यांना अशा संरक्षणाचा तिटकारा होता. तंत्रज्ञान हे उत्तर असेल, पण प्रश्न काय होता, असे त्यांच्या एका व्याख्यानाचे शीर्षकच होते. फन पॅलेसच्या कल्पनेची एक लहानशी, स्वस्त आवृत्ती त्यांनी सत्तरच्या दशकात लंडनच्या केंटिश टाउन भागात प्रत्यक्ष उभारली. ‘इंटर-ॲक्शन सेंटर’ हे तिचे नाव. पोलादी सांगाडा आणि त्यात बसवलेल्या, बदलता येणाऱ्या पेट्या, असे तिचे रूप होते. पुढे ती वारसा-यादीत घालावी अशी सूचना आली, तेव्हा त्या सूचनेला विरोध करणाऱ्यांत खुद्द प्राइस होते. इमारत ठरावीक काळासाठी बांधली होती आणि तो काळ संपला होता, असे त्यांचे म्हणणे. ती २००३ साली पाडण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्राइस यांचेही निधन झाले.